काळीखालची पांढरी

आपल्याकडे गाव सांगताना दोन शब्द येतात. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचा २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा नकाशा पाहताना मला हे दोन शब्द सारखे आठवत राहिले.

राज्याचा निकाल सरळ होता. रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प यांना ६२ टक्के मतं, डेमोक्रॅट जो बायडन यांना साडेछत्तीसच्या आसपास. अध्यक्ष निवडणारी राज्याची नऊच्या नऊ इलेक्टोरल मतं ट्रम्प यांच्या पदरात. पण या राज्यात ६७ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत आणि त्यांचा वेगवेगळा निकाल रंगवला की ट्रम्प यांच्या लाल नकाशाच्या मधोमध बायडन यांचा एक निळा पट्टा दिसतो. पश्चिमेला मिसिसिपीच्या हद्दीपासून पूर्वेला जॉर्जियाच्या दिशेने, कमरेला शेला बांधावा तसा.

शहरं डेमोक्रॅट, खेडी रिपब्लिकन हे आपण नेहमी ऐकतो. बर्मिंगहॅम आणि मॉन्टगोमेरी या शहरांपुरतं ते इथेही खरं आहे. पट्ट्याचा बहुतेक भाग मात्र खेडेगावांचा आहे. ग्रीन काउंटीची लोकसंख्या आठ हजारांच्या आत, राज्यात सर्वांत कमी. तिथे बायडन यांना ८० टक्क्यांहून जास्त मतं पडली. तिथून उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर विन्स्टन काउंटी, तीही खेड्यांचीच. तिथे ९० टक्के मतं ट्रम्प यांची. दोन्हीकडे शेतं, झाडी, लांब लांब घरं. मग एवढी तफावत कशाने?

त्यासाठी जमिनीखाली जावं लागतं, आणि मागेही, सुमारे आठ कोटी वर्षं. तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा खूप वर होती आणि अलाबामाचा दक्षिण भाग उथळ, उबदार पाण्याखाली होता. किनाऱ्यापासून थोडं आत, नद्यांचा गाळ फारसा पोचत नाही अशा संथ पाण्यात, एकपेशीय शैवालं वाढत होती. प्रत्येक पेशीभोवती चुनखडीच्या नाजूक चकत्यांचं कवच असे. चकती एवढीशी की माणसाच्या एका केसाच्या जाडीत दहा-वीस सहज मावतील. शैवाल मेलं की चकत्या तळाशी जात. लाखो वर्षं हा पांढरा पाऊस समुद्रतळावर पडत राहिला आणि त्याचा खडू झाला. त्याच पाण्यात मोसासॉर हे भलेमोठे सागरी सरडे पोहत होते; त्यांची हाडं आजही या खडूत सापडतात. पुढे समुद्र हटला, जमीन दक्षिणेकडे किंचित कलती राहिली आणि झीज होता होता हा थर पट्ट्यासारखा उघडा पडला. डेमोपोलिस गावाजवळ टॉम्बिग्बी नदीच्या काठावर त्याची पांढरी दरड उघडीच दिसते.

खडू पांढरा, पण त्यावर तयार झालेली माती काळी. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ती हातात घेताच ओळखू येईल. ओली असली की बुटाला, फाळाला चिकटते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वाफसा चुकला की औत चालत नाही. एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. आपली काळी बेसाल्टची, म्हणजे लाव्हाच्या खडकाची झीज होऊन झाली, तिथली खडूतून. मूळ खडक वेगळे, तरी दोन्हींत पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती आहे, म्हणून वागणं सारखं. आजूबाजूची बरीचशी जमीन तांबडी आणि आम्लधर्मी. हा पट्टा चुन्यामुळे तसा नाही. कापसाला आणखी काय हवं?

१८१४ च्या तहात क्रीक या मूळनिवासी लोकांकडून प्रचंड मुलूख काढून घेण्यात आला. कापसातून सरकी काढणारं यंत्र आधीच, १७९३ मध्ये आलं होतं. गोऱ्या मळेवाल्यांची या जमिनीवर झुंबड उडाली. वेचणीला हात हवे होते. ते व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून आणले गेले, विकत घेऊन, साखळ्या घालून, मुलं आईपासून तोडून. यादवी युद्धाआधीच्या सात दशकांत असे सुमारे दहा लाख गुलाम खोल दक्षिणेकडे हलवले गेले. १८६० च्या जनगणनेत अलाबामातले ९,६४,२०१ पैकी ४,३५,०८० लोक गुलाम होते, आणि त्यांची दाटी सर्वांत जास्त होती ती याच पट्ट्यात. विन्स्टनच्या डोंगराळ, हलक्या जमिनीत मळे उभेच राहिले नाहीत. तिथे गुलाम फारच थोडे, आणि युद्धात तिथल्या बऱ्याच लोकांनी दक्षिणेने अमेरिकेतून फुटून निघायला विरोध केला.

(त्या युद्धात अमेरिकेचा कापूस बंदरांत अडकला तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या आपल्या वऱ्हाडाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. ती तेजी १८६५ मध्ये कोसळली. दोन काळ्या जमिनींची गाठ अशी एकदा पडलेली आहे.)

या भागाला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात. नाव आधी मातीच्या रंगावरून पडलं आणि पुढे जिथे कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांहून जास्त त्या मुलखाला लागलं, हे कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ मध्येच लिहून ठेवलं आहे. त्यांची टस्कीगीची संस्था याच पट्ट्यातल्या मेकन काउंटीत. तिथे १८९६ मध्ये आलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घरांत परके नाहीत. कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग आणि चवळी लावा, असं ते ज्यांना कळवळून सांगत होते, ते शेतकरी या गुलामांचीच मुलं-नातवंडं होती.

इथवर वाचून वाटेल की खडूनेच मतदान ठरवलं. हा निष्कर्ष मोहात पाडणारा आहे, पण तो चूक आहे, आणि ते दाखवायला दुसरी एकच निवडणूक पुरते.

१९६४. खडू तोच, माती तीच, वस्तीही बहुतांशी तशीच. अलाबामात रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर यांना सुमारे ६९ टक्के मतं मिळाली. डेमोक्रॅट अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचं नावच या राज्याच्या मतपत्रिकेवर नव्हतं. आणि आज डेमोक्रॅट असलेल्या या पट्ट्यातल्या बहुतेक काउंट्यांनी गोल्डवॉटर यांना भरभरून मतं दिली. वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्कांच्या कायद्याविरुद्ध सिनेटमध्ये मत देणारा हा उमेदवार. कारण उघड आहे. अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेने मतदानावर कर आणि साक्षरतेची परीक्षा लादून कृष्णवर्णीयांना यादीतून जवळपास पुसून टाकलं होतं. लाउंड्स काउंटीत पाचांतले चार लोक कृष्णवर्णीय, पण १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत त्यांच्यापैकी एकही नाव नव्हतं. गावात बहुसंख्य, यादीत शून्य. पट्ट्याने मत दिलं असं म्हणताना खरं तर पट्ट्यातल्या मूठभर गोऱ्यांनी दिलं होतं.

समाजशास्त्रात ही चूक नीट ओळखली गेली आहे. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये जनगणनेचे आकडे घेऊन दाखवलं की प्रदेशांच्या सरासरीत दिसणारा संबंध माणसामाणसांत तपासला तर उलटाही निघू शकतो. नकाशा काउंटीचा असतो, मत माणसाचं. मला वाटतं, निवडणुकीचे रंगीत नकाशे पाहताना आपण सगळ्यात आधी हे विसरतो.

७ मार्च १९६५ ला याच पट्ट्यातल्या सेल्मा गावच्या एडमंड पेटस पुलावर मतदानाच्या हक्कासाठी शांतपणे चालणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. त्या ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला. पुढच्याच वर्षी लाउंड्समध्ये लोकांनी स्वतःचा पक्ष उभा केला. बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं म्हणून मतपत्रिकेवर चिन्ह असे. त्यांनी काळा बिबट्या निवडला. बैलजोडी, झोपडी पाहून शिक्का मारणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना ती सोय अजिबात नवी वाटली नसती. २०२० मध्ये याच लाउंड्सने बायडन यांना ७० टक्क्यांहून जास्त मतं दिली.

कापूस आता या पट्ट्यात फारसा नाही. बोंडअळीसारखाच घातक असा बोंडावरचा सोंडकिडा १९१० मध्ये राज्यात शिरला आणि मळ्यांची रया गेली. आता गुरं आहेत, पाइनची लागवड आहे. हेल आणि ग्रीन काउंटीत कॅटफिशची तळी आहेत, कारण या चिकणमातीत खोदलेल्या तळ्यातलं पाणी जिरत नाही. आपल्याकडे शेततळ्याला घालतात तसं प्लास्टिक अंथरावं लागत नाही.

पण जिथे तळं टिकतं तिथे शोषखड्डा चालत नाही. लाउंड्समध्ये अनेक घरांचं सांडपाणी नुसत्या पाइपातून परसातल्या चरात येतं. अशा मातीत चालेल अशी यंत्रणा बसवायला हजारो डॉलर लागतात आणि तेवढे त्या घरांकडे नाहीत. २०२३ मध्ये केंद्रीय न्याय खात्याने याबाबत राज्याच्या आरोग्य खात्याशी करार केला. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने तो रद्द केला. मोठा पाऊस झाला की मैलापाणी अजूनही लोकांच्या अंगणात, काही घरांत मोरीतून आत चढतं.