ब्रेडेड ब्रेक होज आणि ब्रेडेड फ्युएल पाइप: जाळी सारखी, नळी वेगळी

माझ्या टेबलावर वीतभर लांबीचे दोन तुकडे आहेत. दोन्हींवर स्टीलच्या बारीक तारेची विणलेली जाळी, दोन्ही चकचकीत. एक करंगळीहून बारीक आहे, दुसरा थोडा जाड. जाड तुकडा माझ्या आतेभावाने आणला. गणपतीला गावी जायच्या आधी गाडीचे पुढचे ब्रेक होज, म्हणजे चाकाच्या ब्रेकपर्यंत द्रव नेणाऱ्या लवचिक नळ्या, बदलायचं त्याच्या मनात होतं आणि मुंबईतल्याच एका दुकानात त्याला हा पाइप फुटावर कापून मिळाला. ‘ब्रेडेडच आहे, ऑइलप्रूफ आहे, बिनधास्त लावा,’ असं सांगून. तो पाइप गाडीला लागायच्या आत माझ्या नजरेस पडला, याचं मला आजही हायसं वाटतं. भरल्या गाडीने परशुराम घाट उतरताना काय झालं असतं, हा विचारही करवत नाही.

दोन्ही तुकडे मी हॅक्सॉने आडवे कापले. बारीक तुकड्यात जाळीच्या आत दुधी रंगाची, कडक, गुळगुळीत नळी दिसते. हा टेफ्लॉन, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतो तोच. नळीचं भोक जेमतेम सव्वातीन मिलिमीटर. हा खरा ब्रेक होज. जाड तुकड्यात काळं, मऊ रबर आहे आणि भोक सहा मिलिमीटरचं. हा पेट्रोलचा किंवा इंजिन ऑइलचा पाइप.

दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. पाइप ऑइलप्रूफ आहेच. घोळ आपल्या बोलण्यात आहे. आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण डॉट 3 किंवा डॉट 4 (ब्रेकच्या द्रवाचे दर्जे) लिहिलेल्या बाटलीत असतं ते तेल नाहीच, तो ग्लायकॉलच्या जातीचा द्रव आहे. पेट्रोल आणि इंजिन ऑइल सोसणारे पाइप बहुधा नायट्राइल रबराचे असतात आणि नायट्राइलला ब्रेकचा हा द्रव सोसत नाही. ते फुगतं, मऊ पडतं. उलट कंपनीच्या ब्रेक होजचं रबर ईपीडीएम जातीचं असतं. त्याला ब्रेकचा द्रव चालतो, पण इंजिन ऑइल लागलं की ते फुगतं. म्हणून ब्रेकच्या डबीत चुकून इंजिन ऑइल पडलं तर मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर द्रव पुढे ढकलणारा पंप) सगळे रबरी सील बदलायची पाळी येते. टेफ्लॉनला या दोन्हींनी काही होत नाही.

दुसरा फरक दाबाचा. टायरमध्ये आपण 32-33 पीएसआय हवा भरतो, म्हणजे साधारण सव्वादोन बार. साध्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत इंधनाच्या लाइनमध्ये तीन-चार बार असतात. आणि समोर अचानक कोणी आडवं आलं, पाय जीव खाऊन दाबला गेला, की ब्रेकच्या लाइनमध्ये शंभर बारच्या आसपास दाब जातो. तो दाब टोकाला पत्र्याच्या क्लॅम्पने धरता येत नाही. खऱ्या ब्रेक होजची टोकं कारखान्यात मशिनवर दाबून बसवलेली असतात. ब्रेक होजसाठी आपल्याकडे आयएस 7079 हे मानक आहे. अमेरिकेच्या मानकात होज दाबाखाली सलग 35 तास गरगर फिरवून वाकवण्याची चाचणी असते, कारण चाक वळतं, वरखाली होतं आणि होजला त्याच्यासोबत हलावं लागतं. फुटावर कापून मिळणाऱ्या पाइपवर यातलं काहीच झालेलं नसतं.

जाळीचं कामही दोघांत वेगळं. ब्रेक होजमध्ये ती टेफ्लॉनला घट्ट आवळून बसलेली असते, म्हणजे दाब आला तरी नळी फुगत नाही आणि पायाचा जोर थेट कॅलिपरपर्यंत, म्हणजे चाकाची डिस्क आवळणाऱ्या भागापर्यंत, पोहोचतो. फ्युएल पाइपवरची जाळी मुख्यतः घासण्यापासून बचावासाठी असते, काही वेळा नुसती शोभेसाठी. माझ्या जाड तुकड्यावर दोन बोटांनी जाळी ढकलली की सदऱ्याची बाही वर सरकावी तशी ती सरकते आणि गोळा होते. बारीक तुकड्यावर ती तसूभर हलत नाही. दुकानात पाइप कापून बघता येत नाही, पण ही बोटांची परीक्षा करता येते. टोकं दाबून बसवलेली आहेत का आणि होज आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलचा आहे का, हे दोन प्रश्नही विचारावेत. जुन्या रबरी होजवर चंदेरी जाळी चढवून देण्याचाही प्रकार असतो. तो नकोच, कारण त्याखाली रबराला भेग पडली तर दिसतसुद्धा नाही.

आता मुळात होज बदलायचे का? माझं मत स्पष्ट आहे: पेडल मऊ लागतं म्हणून लगेच ब्रेडेडच्या मागे धावू नका. आधी जुना द्रव काढून नवा भरा, हवा नीट काढून घ्या. हा द्रव हवेतली ओल शोषतो आणि मुंबईत ओलीला तोटा नाही. नवा डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हमी 155 अंशांचीच उरते. घाटात सतत पाय ब्रेकवर असेल तर तो आकडा गाठला जाऊ शकतो, द्रवात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. त्यावर ब्रेडेड होज हा इलाज नाही. आतेभावाच्या गाडीच्या रबरी होजवर मात्र वाकवल्यावर केसासारख्या भेगा उघडत होत्या, त्यामुळे ते बदलणं भागच होतं.

शेवटी त्याच्या मॉडेलचा तयार सेट आणला, जाळीवर पारदर्शक आवरण असलेला. उघडी जाळी मला या शहरात पटत नाही. पावसात हिंदमाताच्या पाण्यातून गाडी गेली की बारीक रेती तारांमध्ये शिरते आणि आतून टेफ्लॉन घासत राहते.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ आम्ही पीळ तपासण्यात घालवला. नट आवळताना होजही सोबत फिरतो आणि टेफ्लॉनला पीळ सोसत नाही, तो एका जागी मोडून बसतो. म्हणून आधी होजवर मार्करने सरळ रेघ ओढली आणि आवळून झाल्यावर ती सरळच आहे ना, ते पाहिलं. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टला, म्हणजे बँजो बोल्टला, दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर घातले. लोखंडी पाइपच्या नटाला साधा पाना लावला असता तर कोपरे झिजले असते, म्हणून नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा फ्लेअर नटचा पाना मागून आणला. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, एकदा चाक लटकतं ठेवून आणि एकदा जमिनीवर टेकवून. डाव्या बाजूला होज एबीएसच्या वायरला घासत होता. पारदर्शक आवरण झिजलं की आतली जाळी कानशीसारखी काम करते, वायरचं आवरण काही महिन्यांत खाल्लं असतं. ब्रॅकेटमध्ये होज थोडा फिरवून घेतला तेव्हा बोटभर अंतर सुटलं. गाडीच्या मॅन्युअलमधल्या क्रमाने हवा काढली, इंजिन चालू ठेवून आतेभावाने मिनिटभर पेडल जोरात दाबून धरलं आणि मी प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला.

जाड तुकड्याचा उरलेला पाइप फेकला नाही. आत्याच्या यजमानांच्या जुन्या स्कूटरची पेट्रोलची नळी कडक झाली होती. पाइप तिथे दोन क्लॅम्प लावून बसवला आणि तिथे तो उत्तम चालतो आहे.