ओपन पायलट क्लॉज म्हणजे इन्स्ट्रक्टरचा इन्शुरन्स नव्हे

माझा भाचा कराडचा, अमेरिकेत फ्रीलान्स फ्लाइट इन्स्ट्रक्टर आहे, लोकांच्या स्वतःच्या विमानात बसून त्यांना शिकवतो. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला मामा, मला वेगळा इन्शुरन्स कशाला, विमानाच्या पॉलिसीत ओपन पायलट क्लॉज आहे आणि माझे उड्डाणाचे तास त्यात बसतात. हा गैरसमज तिकडच्या पायलट लोकांत वर्षानुवर्षं फिरतोय, आपली पोरंही तेच धरून बसतात, म्हणून लिहितोय.

त्याच्या मोबाईलवरच पॉलिसी उघडली. नेम्ड इन्शुअर्डच्या, म्हणजे विमा कुणाचा त्याच्या रकान्यात एकच नाव, मालकाचं. क्लॉजचा अर्थ एवढाच की अमुक लायसन्स नि इतके तास असलेला माणूस विमान चालवत असताना अपघात झाला तरी मालकाचं कव्हर चालू राहील. चालवणाऱ्याचं नाही! उलट कंपनी मालकाला भरपाई देते आणि मग चूक इन्स्ट्रक्टरची होती म्हणून तेच पैसे त्याच्याकडून वसूल करायला येऊ शकते, याला सब्रोगेशन म्हणतात. बरं, तो विमानात नसला तरी सुटका नाही, सोलोसाठी, म्हणजे एकट्याने उडायला परवानगी म्हणून विद्यार्थ्याच्या लॉगबुकात (उड्डाणांच्या नोंदवहीत) सही केलेली असते ना, त्या सहीवरून दावा होऊ शकतो.

मग करायचं काय, तर मालकाच्या पॉलिसीत ॲडिशनल इन्शुअर्ड म्हणून, म्हणजे कव्हर मिळणारा जादा माणूस म्हणून नाव आणि वेव्हर ऑफ सब्रोगेशन, म्हणजे कंपनीने वसुलीचा हक्क सोडल्याचं कलम, दोन्ही लेखी घ्यायचं, तोंडी अजिबात नको, शिवाय स्वतःची नॉन-ओन्ड पॉलिसी, म्हणजे दुसऱ्याचं विमान वापरणाऱ्यासाठीची, ज्यात शिकवणं स्पष्ट लिहिलंय. एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमान नियामकाने, लायसन्सवर कारवाई केली तर वकिलाचा खर्च लायबिलिटी पॉलिसीत साधारणपणे येत नाही, त्यासाठी एओपीएसारख्या (विमानमालक नि पायलट यांची संघटना) पायलट संघटनेचा लीगल प्लॅन वेगळा घ्यावा लागतो.