म्योडलारॉइट

म्योडलारॉइट : जर्मनीतील एक छोटे शेतकरी गाव. बव्हेरिया आणि थ्युरिंगेन या दोन राज्यांच्या सीमेवर वसलेल्या या गावाची लोकवस्ती जेमतेम चाळीस-पन्नास आहे. गावातून टानबाख नावाचा ओढा वाहतो. उडी मारून पार करता येईल इतकाच तो रुंद, पण शीतयुद्धाच्या काळात दोन जर्मन देशांची सीमा याच ओढ्यावरून गेली आणि गावात भिंत उभी राहिली. अमेरिकन सैनिक गावाला ‘लिटल बर्लिन’ म्हणू लागले. बर्लिनच्या भिंतीबद्दल जगभर लिहिले गेले आहे. खेड्यात भिंत उभी राहते म्हणजे काय होते, हे मात्र म्योडलारॉइटमध्येच नीट कळते, कारण इथे भिंतीच्या दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होती.

टानबाख ही हद्द जुनीच. सोळाव्या शतकापासून ओढ्याच्या एका काठावर बायरॉइटच्या सरदारघराण्याची सत्ता होती, दुसऱ्या काठावर रॉइस घराण्याची. बायरॉइटचा मुलूख बव्हेरियाकडे गेल्यावर १८१० मध्ये ओढ्याकाठी हद्दीचे दगड रोवले गेले. त्यांच्या एका अंगावर बव्हेरियाच्या राज्याची आणि दुसऱ्या अंगावर रॉइस संस्थानाची आद्याक्षरे कोरलेली आहेत. १९२० मध्ये रॉइसचा प्रदेश नव्याने बनलेल्या थ्युरिंगेन राज्यात विलीन झाला.

या हद्दीने गावाचे मात्र कधी काही अडले नाही. शाळा एकच होती, ती थ्युरिंगेनच्या काठावर. गावकरी संध्याकाळी जमत ती खानावळही त्याच बाजूला होती. प्रार्थनेला मात्र सगळे बव्हेरियातल्या ट्योपेन गावच्या चर्चमध्ये जात. लग्ने, शेतीची कामे, उसनवारी हे सारे ओढा ओलांडूनच चाले. कर कोणत्या सरकारला भरायचा, एवढ्यापुरतीच हद्द आठवायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ही स्थिती पालटली. विजेत्या राष्ट्रांनी सप्टेंबर १९४४ मध्ये लंडनमध्ये जर्मनीच्या वाटपाचा जो मसुदा ठरवला, त्यात ताब्याच्या विभागांसाठी जुन्याच प्रांतिक सीमा धरल्या होत्या. त्यामुळे बव्हेरिया अमेरिकेच्या वाट्याला आला आणि थ्युरिंगेन सोव्हिएत रशियाच्या. नकाशावरच्या त्या रेषेखाली एक अखंड गाव आहे, याचा विचार झाला नाही. १९४९ मध्ये दोन वेगळे जर्मन देश स्थापन झाले आणि ओढा आंतरराष्ट्रीय सीमा बनला. तरीही परवाना दाखवून पलीकडे जाता येत असे.

खरा घाव १९५२ साली बसला. मे महिन्याच्या अखेरीस पूर्व जर्मनीने सीमा बंद केली. सीमेला लागून दहा मीटरचा नांगरलेला पट्टा, त्यामागे पाचशे मीटरचा संरक्षित पट्टा आणि त्याहीमागे पाच किलोमीटरचे प्रतिबंधित क्षेत्र अशी रचना झाली. म्योडलारॉइटचा पूर्वेकडचा अख्खा भाग पाचशे मीटरच्या पट्ट्यात सापडला. जूनमध्ये ‘अविश्वासू’ ठरवलेल्या कुटुंबांना सीमाभागातून सक्तीने आत हलवण्यात आले. या मोहिमेला कागदोपत्री ‘उंगेत्सीफर’, म्हणजे किडे-उवा, असे नाव होते. पूर्ण सीमेवर मिळून आठ हजारांहून अधिक माणसांना अशा रीतीने घरे सोडावी लागली. आपल्याच नागरिकांना असे नाव देणाऱ्या राजवटीविषयी आणखी काही सांगण्याची गरज नाही.

आधी लाकडी फळ्यांचे कुंपण आले, मग काटेरी तार, आणि १९६६ मध्ये सुमारे ७०० मीटर लांब व ३.३ मीटर उंच काँक्रीटची भिंत. सुमारे १,४०० किलोमीटरच्या सीमेवर बहुतेक ठिकाणी जाळीचे कुंपणच होते. वस्ती सीमेला अगदी खेटून होती तिथेच भिंत बांधली गेली, कारण नुसते दिसणेही तोडायचे होते. रात्रभर दिव्यांचा झोत असे. पूर्वेकडच्या गावकऱ्यांना पलीकडे हात हलवण्याची किंवा कोणी हाक मारली तर ओ देण्याची मुभा नव्हती. पश्चिमेच्या काठावर उभा राहून चुलतभाऊ हात हलवतो आहे आणि आपण मान खाली घालून अंगणातले काम करत राहायचे, असे ते जगणे होते. १९७३ पासून दोन्ही देशांच्या सीमाभागांत थोडी ये-जा सुरू झाली. पण या पट्ट्यात पाहुण्यांना प्रवेश नसल्याने गावाला तिचा उपयोग झाला नाही. समोरच्या घरातल्या नातेवाइकाला भेटायचे तर दूरच्या नाक्यावरून वळसा घालून तिसऱ्याच गावी भेटावे लागे. पश्चिमेच्या बाजूला बघ्यांची रीघ असे. ५ फेब्रुवारी १९८३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश येऊन भिंत पाहून गेले.

बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ रोजी खुली झाली. म्योडलारॉइटला आणखी महिनाभर थांबावे लागले. ९ डिसेंबर १९८९ रोजी भिंतीत पायी जाण्यापुरती वाट उघडली आणि ३७ वर्षांनी गावकरी आपल्याच गावात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. १७ जून १९९० रोजी बुलडोझरने भिंतीचा मोठा भाग पाडला. थोडा भाग मात्र मुद्दाम राखला गेला, आणि त्याच वर्षी तिथे संग्रहालय सुरू झाले. भिंत, जाळीचे कुंपण आणि टेहळणीचा मनोरा तिथे मूळ जागी पाहायला मिळतात. शाळांच्या सहली तिथे येतात. ज्या मुलांच्या आईवडिलांनीही ती सीमा पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी या उघड्या मैदानाचे मोल वर्गातल्या धड्याहून मोठे आहे.

राज्यांची हद्द अजूनही ओढ्यावरूनच जाते. बव्हेरियाचा काठ ट्योपेन पंचायतीत आणि होफ जिल्ह्यात आहे, थ्युरिंगेनचा काठ गेफेल नगरात आणि जाले-ओर्ला जिल्ह्यात. त्यामुळे एवढ्याशा गावाला दोन नगराध्यक्ष, दोन पिनकोड आणि मोटारींच्या पाट्यांवर दोन वेगळी अक्षरे आहेत. मुले वेगवेगळ्या शाळांत जातात. एका काठावर ‘ग्र्यूस गॉट’ म्हणून रामराम होतो, दुसऱ्यावर ‘गुटेन टाग’ म्हणून. ३१ ऑक्टोबरला धर्मसुधारणा दिनाची सुट्टी थ्युरिंगेनला असते. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, सर्वसंत दिनानिमित्त बव्हेरियाचा काठ सुट्टीवर असतो आणि पलीकडचे कामाला जातात.