स्वारगेटला वर आल्यावर

पिंपरीहून कात्रजला जायचं तर आता सोय आहे. मेट्रोने थेट स्वारगेट, पुढे बस. मेट्रो वेळेवर सोडते, पण सरकत्या जिन्याने वर आलं की आपण बसच्या हवाली.

समजा, कात्रजकडे तासाला ६ बस आहेत. बरोबर १० मिनिटांच्या अंतराने आल्या, तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागेल. पण एक २ मिनिटांनी, पुढची १८ मिनिटांनी, असं चाललं तर? बस तेवढ्याच, डिझेल तेवढंच, थांबणं मात्र सरासरी ८.२ मिनिटं. कारण १८ मिनिटांच्या खंडात थांब्यावर येणारे लोक २ मिनिटांच्या फटीत येणाऱ्यांच्या नऊपट असतात. ‘मी आलो की बस नुकतीच गेलेली असते’ ही तक्रार नशिबाची नाही, गणिताची आहे.

बस जोडीने का येतात, तेही गमतीचं आहे. एखादी बस सिग्नलला अडकली, की पुढच्या थांब्यावर तोवर गर्दी वाढते. गर्दी चढायला वेळ लागतो, बस आणखी मागे पडते. मागच्या बसला माणसंच उरत नाहीत, ती पळत येऊन हिला गाठते. उपाय म्हणजे त्या मागच्या बसला वाटेत जरा रोखून धरणं. आतले लोक कंट्रोलरच्या नावाने बोटं मोडतात, पण तो बरोबर असतो. बसला स्वतंत्र मार्गिका मिळाली तर मुळात अडकणंच कमी होतं. पुण्याने तो प्रयोग २००६ मध्येच कात्रज-स्वारगेट रस्त्यावर सुरू केला होता.

राहिलं तिकीट. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा २००७ मध्ये एक होऊन पीएमपीएमएल झाली, म्हणजे एकत्र येणं या शहराला नवं नाही. मेट्रो आणि बसला एकच कार्ड चालवणं तर सोपंच. पण कार्ड एक म्हणजे पाकीट एक, तिकीट नव्हे! गाडी बदलली की भाडं पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू झालं, तर वाहन बदलल्याचा दंडच तो. जर्मनीतल्या हॅम्बर्गने १९६५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचा एक संघ केला, पुढे त्यांच्या बस आणि रेल्वेला एकच तिकीट लावलं आणि जमा झालेल्या पैशांची वाटणी कंपन्यांनी आपापसात करून घेतली. ती कटकट प्रवाशाच्या गळ्यात पडली नाही.

रात्रीच्या शेवटच्या मेट्रोचं काय करायचं? तिच्यासाठी कात्रजची बस पाच मिनिटं थांबवून ठेवायची. त्याला ना खोदकाम लागतं, ना टेंडर.