बर्लिनला बसून आफ्रिका वाटून घेतली? तसं नाही झालं

१८८४ ला बर्लिनमध्ये युरोपियन लोकांनी टेबलावर नकाशा पसरला, पट्टी घेऊन रेघा मारल्या आणि आजच्या आफ्रिकेच्या बॉर्डर तयार, ही गोष्ट शाळेपासून ऐकत आलोय आपण. पण तसं झालं नव्हतं. परिषद झाली हे खरं, नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५, १४ देश होते, आणि आफ्रिकेचा एकही माणूस नव्हता (हे मात्र शंभर टक्के खरं). तिथे ठरलं काय, तर काँगो खोऱ्यात खुला व्यापार, नायजर नदीत सगळ्यांची जहाजं, आणि किनाऱ्यावर नवा हक्क सांगायचा तर इतरांना कळवा, तिथे खरोखर ताबा ठेवा. म्हणजे वाटणी नाही, वाटणीचे नियम!

रेघा नंतर पडल्या, दोन-दोन देशांच्या करारांतून. १८९० ला जर्मनीने झांझिबारवरचा दावा सोडला आणि बदल्यात ब्रिटनकडून हेलिगोलँड नावाचं उत्तर समुद्रातलं चिमुकलं बेट घेतलं, काय सौदा बघा. आणि कागदावर काहीही लिहा, इथिओपियाने १८९६ ला अडवाच्या लढाईत इटलीला धुतलंच की. गंमत म्हणजे स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांनीच १९६४ ला कैरोत ठरवलं की स्वातंत्र्यावेळच्या बॉर्डर आहेत तशाच ठेवायच्या, नाहीतर भांडणं संपलीच नसती.