कृतिशक्यता (अफॉर्डन्स)

परिसरातील वस्तू, पृष्ठभाग वा जागा एखाद्या प्राण्याला जी कृती करू देते, ती शक्यता; मानसशास्त्रातील एक संकल्पना. आडवा, सपाट, टणक आणि साधारण गुडघ्याइतका उंच कट्टा प्रौढाला बसण्याजोगा असतो. रांगत्या मुलाला तोच धरून उभे राहण्याजोगा. (मराठीतील ‘-जोगा’ हे रूप मूळ आशयाच्या फार जवळ जाते, घडविलेले संस्कृत प्रतिशब्द तितके जात नाहीत.) ही शक्यता तर्काने काढावी लागत नाही, वस्तू पाहतानाच ती दिसते, हा या उपपत्तीचा गाभा.

संज्ञा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स जे. गिब्सन (१९०४–७९) यांची. ती १९६६ च्या त्यांच्या ग्रंथात आढळते. सिद्धान्ताची पूर्ण मांडणी मात्र १९७७ चा निबंध व १९७९ चा ग्रंथ यांत आहे. त्यामुळे उगमाचे वर्ष वेगवेगळे दिले जाते. कल्पनेचे मूळ त्याहून जुने असावे. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या ‘आउफफोर्डरुंग्सकाराक्टर’ (वस्तूचे खुणावणे) या जर्मन संज्ञेचे इंग्रजीत ‘आमंत्रणगुण’ या अर्थाने, तसेच ‘व्हॅलन्स’ असे भाषांतर झाले होते. मानसशास्त्रज्ञ कुर्ट कॉफ्का यांनी १९३५ मध्ये वस्तूच्या ‘मागणीगुणा’ची चर्चा केली. कॉफ्का व गिब्सन स्मिथ कॉलेजात सहकारी होते आणि हे ऋण गिब्सन यांनी स्वतःच नोंदविले आहे. तरीही त्यांची संज्ञा हे केवळ नवे भाषांतर मानणे योग्य वाटत नाही. कॉफ्का यांच्या मते टपालपेटी खुणावते ती पत्र टाकायचे असेल तेव्हाच; गिब्सन यांच्या मते गरज असो वा नसो, तिची कृतिशक्यता बदलत नाही.

कृतिशक्यता नेमकी कशात वसते, याविषयी मतभेद आहेत. मायकेल टर्व्ही (१९९२) ती परिसराचा गुणधर्म मानतात, टॉमस स्टॉफ्रेगन (२००३) प्राणी व परिसर मिळून होणाऱ्या व्यवस्थेचा. अँथनी केमेरो (२००३) तिला दोहोंतील संबंध म्हणतात. विल्यम वॉरन यांचे जिन्याच्या पायरीवरील प्रयोग (१९८४) संबंधाच्या बाजूने अधिक बोलतात. उंच व बुटक्या व्यक्तींना चढण्याजोगी वाटणारी कमाल उंची सेंटिमीटरमध्ये भिन्न निघाली, पण पायाच्या लांबीशी तिचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ०.८८ राहिले. हा अंदाज त्यांनी नुसत्या पाहण्यावरून दिला होता.

मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये संज्ञा अभिकल्पात (डिझाइनमध्ये) आणली. तेथे तिचा अर्थ ‘वापरणाऱ्याला जाणवणारी शक्यता’ असा आकसला. पुढे कृती कोठे व कशी करावी हे सुचविणाऱ्या खुणेसाठी त्यांनी ‘सिग्निफायर’ हा वेगळा शब्द सुचविला.