परदेशी अतिरेकी संघटनांत गेलेल्या तरुणांचं परत येणं

परदेशात जाऊन आयसिससारख्या अतिरेकी संघटनेत शिरलेल्या तरुण मुलामुलींना मायदेशी परत येऊ द्यायचं का नाही, हा प्रश्न २०१४ नंतर खूप देशांपुढे आला आणि अजून मिटलेला नाही. (याला "घरवापसी" म्हणणं मुद्दाम टाळलंय, त्या शब्दाला आपल्याकडे वेगळाच अर्थ चिकटलाय.) पुण्यात कट्ट्यावर, ऑफिसात, घरच्या जेवणावर विषय निघाला की बहुतेकदा उत्तर एकच येतं, "गेले ना स्वतःच्या पायांनी, मग मरू देत तिकडेच." १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत बॉम्ब फुटून १७ जीव गेले, त्या शहराला हा राग यायचाच आणि त्यात काही चूक नाही. फक्त हे "तिकडेच" म्हणजे नक्की कुठे, ते कोणी विचारत नाही.

तिकडे म्हणजे कुठे

जून २०१४ मध्ये आयसिसने इराकमधलं मोसुल घेतलं आणि खिलाफत, म्हणजे स्वतःचं इस्लामी राज्य, जाहीर केली. पुढच्या तीनचार वर्षांत जगभरातून ४० हजारांहून जास्त लोक तिकडे गेले असं संयुक्त राष्ट्रांचं म्हणणं आहे. भारतातून गेलेले त्यात अगदी मोजके. मार्च २०१९ मध्ये सीरियातलं बागूझ हे त्यांचं शेवटचं गाव पडलं, तेव्हा पुरुष आयसिसशी लढणाऱ्या तिथल्या कुर्द फौजांच्या तुरुंगात गेले आणि बायकापोरं त्याच फौजांच्या 'अल-होल' आणि 'रोज' नावाच्या छावण्यांमध्ये. एकट्या अल-होलमध्ये त्या वर्षी ७० हजारांच्या वर माणसं होती, बहुतेक बायका आणि मुलं, तंबूत, वाळवंटातल्या थंडीत. या मुलांनी कोणाला काय केलं होतं?

आणि तिथे ठेवले म्हणजे आपण सुरक्षित, असंही नाही. जानेवारी २०२२ मध्ये आयसिसने सीरियातल्या हसाका शहरातल्या अशाच एका तुरुंगावर हल्ला केला, आपलीच माणसं सोडवायला, कित्येक दिवस लढाई चालली, शेकडो मेले, आणि आत शेकडो अल्पवयीन पोरंही कोंडलेली होती. म्हणजे आपण ज्यांना परत घेत नाही ते कुठल्यातरी कमकुवत फौजेच्या भरवशावर पडून राहतात आणि संघटना त्यांना विसरत नाही.

इतर देशांनी काय केलं

ब्रिटनची शमीमा बेगमची केस सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये १५ वर्षांची असताना दोन मैत्रिणींबरोबर लंडनहून निघाली, २०१९ मध्ये सीरियातल्या छावणीत सापडली, तोवर दोन मुलं दगावली होती, तिसरं तिथेच जन्मलं आणि तेही गेलं. ब्रिटनने सुरक्षेचं कारण देऊन तिचं नागरिकत्व काढलं, वर म्हणे आईवडिलांमुळे ती बांगलादेशची नागरिक ठरते, आणि बांगलादेशने सांगितलं आमचा काही संबंध नाही. अपिलं चालत राहिली, २०२४ पर्यंत ती हरतच आली. हे म्हणजे आपल्या घरचा कचरा शेजारच्या दारात सारण्यासारखं झालं. मुलगी लंडनमध्ये जन्मली, तिथल्याच शाळेत शिकली, बिघडली तीही तिथल्या मोबाइलवर, तर तिचा न्याय ढाक्याने का करायचा?

याउलट कझाकस्तानसारख्या देशाने २०१९ मध्ये विमानं पाठवून सुमारे ६०० लोक परत आणले, त्यात मुलंच जास्त. ज्यांच्यावर गुन्हे होते त्यांच्यावर केस केली, बाकीच्यांना पुनर्वसन केंद्रात ठेवून मग नातेवाइकांकडे सोडलं. डेन्मार्कच्या आर्हुस शहरात पोलिस आणि नगरपालिका मिळून परत आलेल्या पोरांना मेंटॉर देत होते, शिक्षणाची आणि घराची सोय बघत होते, पण गुन्ह्याचा पुरावा असला तर केस होतीच.

आपला कायदा

भारतात जन्माने नागरिक असलेल्याचं नागरिकत्व सरकार शिक्षा म्हणून काढू शकत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात ती सोय आहे ती नोंदणीने किंवा नंतर अर्ज करून नागरिक झालेल्यांसाठी. पासपोर्ट जप्त होऊ शकतो, विमानतळावर अडवण्यासाठी लुकआउट नोटीस निघू शकते, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक होऊ शकते, पण "तू आता भारतीय नाहीस" असं म्हणता येत नाही. मग प्रत्यक्षात काय होतं, तर कोणी नाही म्हणत नाही आणि कोणी आणतही नाही. केरळातून २०१६ मध्ये आयसिससाठी अफगाणिस्तानात गेलेल्या गटातल्या चार बायका नवरे मेल्यावर शरण आल्या आणि काबूलच्या तुरुंगात मुलांसकट अडकल्या. एकीच्या वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. अर्ज चालू असतानाच ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आलं, तुरुंग उघडले गेले, आणि जानेवारी २०२२ मध्ये कोर्टाने केंद्राला आठ आठवड्यांत निर्णय घ्या म्हणून सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता.

परत आलेल्यावर इथे केस चालत नाही हा समजही चुकीचा आहे. इराकमध्ये आयसिसबरोबर राहून आलेल्या केरळच्या एका माणसाला २०२० मध्ये कोचीच्या एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) कोर्टाने जन्मठेप दिली.

कल्याण, पुणे, गडचिरोली

मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या ग्रुपबरोबर बगदादला गेले आणि तिथून गायब झाले. घरच्यांनीच पोलिसांना कळवलं. त्यातला एक, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नोव्हेंबर २०१४ मध्ये तुर्कस्तानमार्गे परत आला, एनआयएने लगेच अटक केली. बाकीचे तिघं आले नाहीत. या मुलाने सहा वर्षांहून जास्त काळ अंडरट्रायल, म्हणजे निकाल न लागलेला कैदी, म्हणून काढला, हायकोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडली, फेब्रुवारी २०२१ मध्ये हायकोर्टाने त्याचा जामीन कायम ठेवला कारण खटला पुढेच सरकत नव्हता. त्याला सोडून द्यायला हवं होतं असं इथे म्हणायचं नाहीये. पण सहा वर्षं निकालच न लागणं ही परत आणण्याची पद्धत नव्हे, दोषी असेल तर शिक्षा द्या, नसेल तर सांगा.

पुण्यात २०१५ च्या डिसेंबरमध्ये एटीएसला, म्हणजे पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाला, एक १६ वर्षांची मुलगी सापडली, अकरावीतली, चांगल्या शाळेतून आलेली, ऑनलाइन ओळखींवरून सीरियाला जायच्या बेतात होती. तिच्या कपड्यांत, वागण्यात फरक पडला होता. तिच्यावर तेव्हा गुन्हा न लावता आईवडील, मौलवी, पोलिस असं सगळ्यांनी मिळून समजावण्याचा मार्ग घेतला. पुढे तिचं नाव परत तपासात आलं हेही खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही, चार बैठका घेऊन फाइल बंद केली की काय होतं ते यातून कळतं. वर्षानुवर्षं पाठीशी राहायला माणूस लागतो, आणि नेमकी तीच माणसं कमी आहेत.

महाराष्ट्राला हे काम अगदी नवीन नाही. नक्षलवाद्यांसाठी आपल्या राज्यात २००५ पासून आत्मसमर्पण योजना आहे, रोख मदत, घर, कामधंदा. गडचिरोलीत शेकडो जण शरण आलेत, १५ ऑक्टोबर २०२५ ला तर भूपती हा माओवाद्यांच्या वरच्या फळीतला नेता ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. ज्यांच्या संघटनेने पोलिस मारले त्यांना आपण "मुख्य प्रवाहात आले" म्हणतो, पेपरात फोटो छापतो, आणि ते बरोबरच आहे. मग एखादा एकोणीस वर्षांचा पोरगा चार महिन्यांत चूक कळून परत यायला निघतो त्याला हाच शब्द का मिळत नाही?

घरच्यांचं काय

पुण्यातल्या कॅम्प भागात एका शाळेच्या हॉलमध्ये मुलांच्या मोबाइलवर पालकांची मीटिंग होती, एक पोलिस अधिकारी बोलायला आले होते. संशय आला तर आमच्याकडे या, घाबरू नका, असं ते सांगत होते. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या, हातात पिशवी तशीच, आणि म्हणाल्या, "साहेब, मी येऊन सांगितलं आणि तोवर पोरगा गेलेला असला, तर तो घरी येणार का नाही? नसेल येणार तर मी कशाला सांगू?" हॉल गप्प. साहेबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला, थोडा वेळ घेतला. "आधी आमच्याकडे येईल ताई. मग कोर्टात. मग तुमच्याकडे." बाई खाली बसल्या, पण समाधान झालेलं दिसत नव्हतं.

सगळा प्रश्न त्या बाईंच्या बोलण्यात आहे. आपलं पोरगं चुकीच्या माणसांत बसतंय हे पोलिसांच्या आधी आईला कळतं. तिने पोलिस स्टेशनची पायरी चढावी असं वाटत असेल तर परतीचा रस्ता तिला आधी दिसायला हवा, नाहीतर ती गप्प बसेल, चुलत्याला फोन करेल, पोराचा पासपोर्ट गादीखाली लपवेल आणि एक दिवस तो गादीखाली नसेल.

म्हणून इथे भूमिका स्पष्ट आहे: परत आणावं, विमानतळावरून सरळ तपासाला न्यावं, खटला वेळेत चालवावा, आणि लहान मुलांना या सगळ्यातून पहिल्यांदा बाहेर काढावं. मुलांची अडचण वेगळीच आहे. भारतीय आईबापांचं मूल परदेशात जन्मलं तर एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करायची असते, उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी लागते. आता अफगाणिस्तानातल्या नांगरहारच्या डोंगरात किंवा छावणीच्या तंबूत जन्मलेल्या पोराची नोंद कोण करणार? त्याच्याकडे भारतीय असल्याचा एकही कागद नसतो, आजीआजोबा इकडे जिवंत असतात आणि त्यांच्याकडे सिद्ध करायला असतो तो फक्त आईचा जुना पासपोर्ट, दहावीची मार्कशीट, जन्मदाखला. घरातलं कोणी गेलं असेल आणि लाजेने, रागाने त्याचं सामान आवरायला काढलं असेल, तर ती कागदांची फाइल तेवढी ठेवा.